झाकणाच्या आतल्या ओळी

कॉम्प्युटर उघडण्याआधी काका पेन्सिल कानावर अडकवत आणि विचारत, "कॉपी काढली का?" नाही म्हटलं की खुर्चीत बसून राहत. आतल्या माहितीची कॉपी निघेपर्यंत स्क्रूला हात लावत नसत.

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ते दुरुस्तीला येत. सगळे त्यांना काका म्हणत. मी इंग्रजी शाळेतून आलेली, कामावर नवी, फारशी न बोलणारी. त्यामुळे त्यांच्याकडे बघत बसायला वेळ मिळे. काढलेला भाग ते कुणाला नेऊ देत नसत. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून कपाटावर ठेवत. "आठ दिवस ऱ्हाऊ द्या. नवं बराबर रुळलं की मंग टाका." मग कॉम्प्युटरच्या झाकणाच्या आतून पेन्सिलीने तारीख, काय बदललं आणि कुणी बदललं ते लिहीत. साधा पंखा बदलला तरी नोंद. आम्ही त्याला काकांचा सातबारा म्हणायचो.

बियाण्याच्या उगवणशक्तीच्या सगळ्या नोंदी एका जुन्या कॉम्प्युटरवर होत्या. त्यातल्या विंडोजला ती बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. नोंदींचा प्रोग्राम बनवणारा माणूसही धंदा बंद करून गेला होता. मशीन फार हळू चाले. मी काकांना आतला मुख्य बोर्ड बदलायचं सुचवलं.

"ताई, आतली विंडोज म्हातारी हाये. तिला नवं बोर्ड वळखू येणार न्हाई. चालून राह्यलंय तसं चालू द्या."

मला ते भाबडं वाटलं. काका आठवडाभर टेंभुर्णीला गेले, साहेब दौऱ्यावर होते. मी कुणाला न विचारता जुन्या जालन्यातल्या एका दुकानदाराकडून बोर्ड बदलून घेतला. कॉपी काढली नाही. जुना बोर्ड तो बदल्यात घेऊन गेला.

पडदा निळा झाला आणि तिथेच थांबला. दुकानदार म्हणाला, नवी विंडोज टाकू. पण तिच्यावर आमचा प्रोग्राम चालणारच नव्हता. पेरणी तोंडावर आली होती. नोंदींशिवाय एकाही पिशवीवर लेबल लागणार नव्हतं, आणि माझी नोकरीही राहणार नव्हती.

मी काकांना फोन केला. ते मिळेल त्या एसटीने आले. रागावले नाहीत. मला घेऊन दुकानात गेले, भंगाराच्या पोत्यासमोर उकिडवे बसले आणि एकेक बोर्ड उजेडात धरू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा आपला. ही चिठ्ठी मीच चिकटवल्ती."

जुना बोर्ड बसला, मशीन रखडत सुरू झालं. त्यांनी आधी माझ्याकडून कॉपी काढून घेतली. झाकण लावत असतानाच साहेब आले. कुणी हात लावला होता याला, त्यांनी विचारलं.

काका मान वर न करता म्हणाले, "जुनं मशीन हाये साहेब. बंद पडल्तं, झालं चालू."

मी गप्प बसले. ते मला चांगलं जमतं.

मागच्या वर्षी काका वारले. परवा पंखा अडकला, तेव्हा मी कॉपी काढली आणि स्वतःच झाकण उघडलं. आत त्यांच्या ओळी होत्या, प्रत्येकीपुढे नाव. त्या दिवसाच्या दोन. 'जुना बोर्ड परत बसवला' यापुढे त्यांचं नाव. त्याच्या वर, 'बोर्ड बदलला' यापुढे मोकळी जागा.

पेन्सिल शोधायला थोडा वेळ लागला. त्या जागेत मी माझं नाव लिहिलं. झाकण लावायची घाई केली नाही.