दुसऱ्याची लेक

मुकुंदवाडीची विशाखा नर्स होती. जपानमधल्या डोंगरातल्या एका लहानशा गावी, वृद्धाश्रमात तिला काम मिळालं आणि ती तिकडं राहायला गेली. गावातली तरुण पोरं केव्हाच शहरात गेलेली. बाहेरचं कुणी तिकडं फिरकत नसे. दारातला बर्फ उपसून आणि म्हाताऱ्यांना उठवून-बसवून तिची कंबर भरून यायची.

तिथल्या एक आजी तिला आपल्या लेकीच्या नावानं हाक मारायच्या. सुरुवातीला विशाखा आपलं नाव सांगायची. पुढं सांगायचाही कंटाळा आला, ती नुसती ओ देऊ लागली.

एका दुपारी आजींची खरी लेक भेटायला आली. आजींनी तिला ओळखलंच नाही. विशाखाचाच हात धरून बसल्या. लेक बाहेर जाऊन रडली. विशाखानं तिला आत आणलं, आजींचा कंगवा तिच्या हातात दिला आणि आपण दाराबाहेर थांबली.

त्या संध्याकाळी तिनं आईला, भामाबाईला फोन लावला.

“आई, लई दमले गं.”

“मंग ये की घरी. मी काय हाकलून दिलं व्हतं व्हय तुला?”

करार संपताच विशाखा परत आली. आल्या दिवशी ती न जेवताच झोपली. भामाबाई तिच्या पायांना तेल चोळत बसली.