घडीची रेघ

पायाला प्लास्टर आहे. तीन आठवडे माझं जग म्हणजे एक खिडकी आणि समोरच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी. साड्यांच्या विणकराला दर शनिवारी चार रंगसंगती द्यायच्या असतात. चुकलं तर काम दुसरीकडे जातं. एरवी मी त्या भाजीबाजारात टिपते. या आठवड्यात दोरीवरून टिपल्या: विटका परकर नि निळा टॉवेल, खाकी पँट नि हळदीचं फडकं, राखी चादर नि लाल पोलकं. चौथी काही सापडेना.

"अहो, सारखं आमच्या दोरीकडं काय बघता?" समोरच्या सुमनताईंनी शेवटी विचारलंच. मी वही उंच धरून कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोरीवर रेशमी साड्या. मोरपंखी, अंजिरी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. एकीतूनही पाणी ठिबकत नव्हतं.

"कोऱ्या साड्या वाळत कशाला घातल्या?"

"नेसून जाऊ कुठं? सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याला सहा वर्षं झाली. एकीचीही घडी मोडली नाही. तुमच्या वहीत तरी जाऊ देत."

ठरवून मांडलेले रंग मला सहसा उपयोगी पडत नाहीत. पण अंजिरी साडीवर, कपाटात घडी होती तिथे, फिकट गुलाबी रेघा उमटल्या होत्या. अंजिरी नि ती रेघ. चौथी मिळाली. मी लिहून घेतली आणि यादीवर खूण केली.

संध्याकाळी सुमनताईंनी साड्या आत नेल्या, त्याच रेघांवर घड्या घालून.