गोठ्यातलं मीठ

आष्टीच्या बाजारात ओल्या खडेमिठाचा वास आला की चौथीचा वर्ग आठवतो. दवाखान्यातल्या ताई प्रत्येकाने घरून आणलेल्या मिठावर औषधाचा थेंब टाकत होत्या. आयोडीन असलेलं मीठ जांभळं होई. सुमनचं खडेमीठ तेवढं पांढरंच राहिलं. आयोडीन कमी पडून तिचा गळा सुजलेला होता.

"बैलाचं मीठ खाती गं ही!" मी ओरडले. सगळा वर्ग हसला.

सुमन म्हणाली, "तुमच्याच गोठ्यातलं हाय. शेण काढल्यावर तुझी माय देती माझ्या मायला."

दुसऱ्या दिवशी घरी आईने सुमनच्या मायला तेच मीठ दिलं, माझ्यासमोर. आज मी आयोडीनवर पत्रकं लिहिते. तेव्हा आईला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी गिळलं, आणि सुमनच्या गळ्याची गाठ वाढत गेली.