गाडी लागणारी आत्या

"पिल्लं गेली उडून. आता ह्या काड्या मी डॉक्टरीणबाईंच्या हातात देऊ का?"

भावजय बाल्कनीत टांगत्या कुंडीखाली उभी राहून विचारत होती. कुंडीतला नेचा पार वाळला होता. तो खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा, आणि त्या उद्या गावाहून परतणार होत्या.

"घरट्यावर पाणी कसं ओतणार?" आत्याने हातातल्या शर्टावरून मान वर केली नाही.

"बुलबुलाला काय, दुसरीकडे बांधेल घर. लोकांना तोंड मला दाखवायचंय, वन्सं."

"कडेकडेने वाटीभर घालायचंस, ताई," भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"घालून बघितलं. मादी उठून जायची, ती दुपारपर्यंत परत यायची नाही."

आत्या एका शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं घरी आणून करायची. उन्हाळा आला की शाळांच्या गणवेशांचे ढीग यायचे, आणि त्यांच्या मागोमाग कुंड्या. इमारतीतला जो कोणी सहलीला निघे, तो आदल्या दिवशी आपली झाडं आत्याच्या बाल्कनीत आणून ठेवी. मनीप्लांट, जास्वंद, कोरफड. निवडुंगवाले काका तर रोज फोन करून तो पाणी प्यायला का म्हणून विचारायचे. आत्या घरीच असते, तिला गाडी लागते, हे सगळ्यांना पाठ होतं.

भावाने गाडी घेतली तेव्हा आई होती, दोन्ही मुलं लहान होती. पहिल्याच सहलीला सगळे नटूनथटून खाली उतरले आणि एक माणूस जास्त झालं. मग आत्याच म्हणाली, "तुम्ही जा, मला गाडी लागते." सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या वेळी तिला कोणी विचारलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आई गेली. पुतणी लग्न होऊन गेली. मागच्या सीटवर जागा झाली, तिथे खाण्याची पिशवी बसू लागली.

परवाही सगळे धबधब्यावर गेले होते. घरात आत्या आणि शिवणाचे ढीग. सकाळी थोरलं पिल्लू कुंडीच्या काठावर आलं, पंख फडफडवून पुन्हा आत गेलं. तिने सुई खाली ठेवली. चहा ठेवायला उठली तर ते जाईल, म्हणून चहाही ठेवला नाही. शेवटी ते उडालं, धडपडत समोरच्या तारेवर बसलं. धाकटं त्याच्यामागे गेलं. आत्या "अगं बाई" म्हणाली आणि मागे वळली. मागे कोणी नव्हतं.

रात्री सगळे परतले. फोनवरचे फोटो दाखवून झाले, कोण कुठे घसरलं ते सांगून झालं.

"पिल्लं उडाली आज," आत्या म्हणाली.

"हो का," म्हणत पुतण्याने फोन चार्जिंगला लावला.

आणि आज घरात त्या कुंडीचाच विषय.

"जाऊ दे ना आई," पुतण्या आता म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आपण तळ्यावर जाणार, तेव्हा बाकीच्या कुंड्या कोण बघणार? आत्याच ना? तिला बिचारीला गाडी लागते."

"मला गाडी लागत नाही," आत्या म्हणाली. "कधीच लागली नव्हती."

वर्तमानपत्र खाली आलं. "म्हणजे?"

"जागा नव्हती म्हणून म्हटलं होतं तेव्हा."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?" भावजयीला आता नेच्यापेक्षा याचाच राग आला. "आम्ही काय तुम्हाला नको म्हटलं असतं?"

"विचारलंही नसतं."

भाऊ डोकं खाजवत उठला. "बरं, मग आता ये की. मागे पिशव्यांची जरा अडचण होईल, पण बसू दाटीवाटीने. लवकर निघायचं हं मात्र, तू तयार राहा."

आत्याने काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला आणि शर्टाची घडी घातली. ती गाडीतली दाटी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आपल्यासाठी पाय आखडून बसलेला पुतण्या, आरशातून मागे बघून "बरं वाटतंय ना" विचारणारा भाऊ.

"तुमच्याबरोबर नको," ती म्हणाली. "शिंपीमास्तरांना गणवेश दिले की मी बसने जाणार आहे, समुद्रावर. एकटीच. आठवडाभर तरी येणार नाही. झाडं ज्यांची त्यांना परत नेऊन द्या."