दुसरा वाफा

माझा नातू सव्वीस वर्षांचा झाला तरी सकाळी नऊच्या आत उठत नाही. त्याचं मन बसलं ते वडनेरच्या पोरीवर. ती भाजीपालावाल्यांच्या घरची, शिकली, तहसीलमध्ये बाबू झाली. शाळेत दोघं एका वर्गात होते. ती पुढं गेली, हा तिथंच राहिला. ती हातची सुटली तर हा खाटेवरून कधीच उठायचा नाही, ही धडकी माझ्या छातीत भरली आहे.

तिनं त्याला एकच सांगितलं होतं, "वांग्याच्या रोपाचा एक वाफा सोताच्या हातानं वाढव. मंग मी घरी विषय काढीन."

चार दिवस त्यानं पाणी दिलं. पाचव्या दिवशी झोपून राहिला. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण माझ्या रोपाला बाजारात आजवर कोणी नाव ठेवलं नाही. वाळता वाफा मला पाहवेना. महिनाभर मीच झारी धरली आणि गुपचूप राहिलो.

एका रविवारी ती शेतावर आली. रोपं पाहून खूश झाली. मग त्याला सहज विचारलं, "उपटायच्या आंधी पाणी कवा देशीन?"

तो माझ्याकडे पाहायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आदल्या दिवशी, सांजच्याले. नाई तं मुळ्या तुटते."

तिनं हाताची माती झटकली. "आबाजी, मले तुमच्यासंग लगन नाई करायचं."

"माही बी तयारी नाई," मी म्हटलं.

"त्याले दुसरा वाफा टाकू द्या. तुम्ही बांधावर बसजा. झारीले हात लावू नोका."

"अन् वाळला तं?"

"वाळू द्या. मले आत्ताच समजलेलं बरं."

त्यानं दुसऱ्या वाफ्यात बी टाकलं. आठव्या दिवशी कोंब वर आले होते. उन्हानं माना टाकायला लागले. झारी हाताशीच होती. मी बांधावर माझी काठी दोन्ही हातांनी दाबून बसलो. तो अकराला आला आणि बादलीच ओतली. निम्मे कोंब वाहून गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी तोंड फिरवलं. मग त्यानं झारी उचलली.

तेव्हापासून उजाडलं की मी बांधावर जाऊन बसतो. काल तो साडेनऊला आला. आज ऊन चढलं, रस्त्यावर अजून कोणी दिसत नाही.