मूठभर रेती

श्रावणात घरात कानबाईच्या रोटांचा खरपूस वास सुटला की मला तापीकाठची एक सकाळ आठवते. कानबाई देवीला विसर्जनासाठी नदीवर न्यायचं आणि तिथली मूठभर वाळू घरी आणायची, ही आम्हा खानदेशी माणसांची रीत. सुरतेत येऊनही आईने ती मोडली नव्हती. त्या वर्षी श्रावण उन्हाळ्यासारखा तापला होता. काठाशी पाणी हलत नव्हतं आणि दूरवर नुसती जलपर्णी माजली होती. आई गुडघाभर पाण्यात पुन्हा पुन्हा वाकली, पण हाती रंगाचा वास मारणारा काळा गाळच आला. "तापीमायले काय व्हयनं रे?" तिने विचारलं. मी मान खाली घातली. मी कापड रंगवायच्या कारखान्यात, डाईंगमध्ये, कामाला होतो आणि ढग भरून आले की व्हॉल्व्ह उघडून रंगाचं पाणी तापीला मिळणाऱ्या नाल्यात सोडणारा मीच होतो. पाऊस नेईल वाहून, असं आम्ही धरूनच चालायचो. पण हल्ली ढग नुसतेच येऊन जात. रिकाम्या हाताने परतायचं म्हणून आई रडवेली झाली, तेव्हा एका म्हाताऱ्या नावाड्याने आम्हाला होडीत घेतलं. "मासी, आ वरसे वरसाद गाम गयो छे," मावशी, यंदा पाऊस गावाला गेलाय, असं हसत म्हणून त्याने मधल्या धारेत बुडी मारली आणि मूठभर स्वच्छ रेती आईच्या पदरात घातली. डोळे पुसत तीही हसली. आता आई नाही, तिला मी खरं कधीच सांगितलं नाही, आणि नावाड्याचं नावही विचारायचं राहिलं. पण अजूनही आभाळ दाटलं की माझा हात सवयीने व्हॉल्व्हकडे जातो, आणि ती ओली मूठ आठवून मागे येतो. हे उपकार त्या नावाड्याचेच.