बबनचा हात हलला नव्हता

बबनच्या मुलाचा फोन सकाळी सातच्या सुमारास आला. "काका, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी संत तुकाराम नगरमधल्या माझ्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते मलाही वाटलं, पण नंतर. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्या विचारानं मी घाबरलो, आणि त्याहून जास्त घाबरलो ते त्यातून वाटलेल्या हलकेपणाला. फोन हातात धरून तसाच बसून राहिलो... बायकोनं दोनदा विचारलं, कुणाचा होता म्हणून.

आमची ओळख पिंपरीतल्या एका कंपनीतली. तो टूलरूमला फिटर, मी क्वालिटीला. त्यानं केलेले भाग मी मापायचो. बबन चाकणजवळच्या गावचा, शेतकरी घरातला. पहिली शिफ्ट असली की गुरांचं आवरून बस धरायचा, तरी त्याच्या कामात मला कधी चूक सापडत नसे. "दत्ता, चूक घावली तर मिसळ माझ्याकडनं," तो म्हणायचा. नाही घावली तर, असं विचारलं की म्हणायचा, "मग तुझ्याकडनं. म्हंजे रोज तुझ्याकडनंच की राव."

त्याच्याकडे एक छर्ऱ्याची जुनी बंदूक होती. नळी खाली मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जायची, छर्रा भरून नळी सरळ करायची. घोडा ओढला की स्प्रिंग सुटून दट्ट्याला पुढे ढकलते आणि त्या हवेनं छर्रा जातो. दिसायला खेळणं, पण ही बंदूक नेम धरायला भल्याभल्यांना रडवते. कारण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच ती आधी मागे आणि मग पुढे असा झटका खाते. घट्ट धरली तर झटका प्रत्येक वेळी वेगळीकडे जातो, आणि छर्राही. बबन तिला धरतच नसे. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची, बोटं मिटायची नाहीत. दस्ता खांद्याला लागेल न लागेल इतकाच. गाल टेकवायचा, दाबायचा नाही. आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. "भाकरी तव्यावर टाकताना बाई तिला गच्च धरती का?" तो मला विचारायचा. "तळव्यावर असती आन् तशीच जाती. हिला हलायचं असतंय, हलू दे. फक्त दर वेळंला सारखी हलू दे." गोठ्याच्या भिंतीशी लावलेल्या कागदावर त्याचे पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. माझे पाच कागदभर. "तू मापाचा माणूस," तो हसायचा, "तुझ्या हाताला सोडायचं ठावंच न्हाई."

हे मला लागत असे. आज कबूल करतो. माझं सगळं आयुष्य गेलं ते वस्तू हलू नये म्हणून पक्की बांधून मग मापण्यात. हलणाऱ्या वस्तूतून अचूकपणा येतो, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हतं.

दर दसऱ्याला बबनच्या घरी एक प्रघात होता. खंडेनवमीला आम्ही कंपनीत यंत्रांना झेंडू वाहायचो, आणि दसऱ्याला तो बंदुकीची पूजा करून भावकी आणि शेजाऱ्यांसमोर पाच छर्रे मारायचा. निवृत्त झाला त्या वर्षी मी नवमीलाच त्याच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. दुपारी तो आणि हौसावहिनी फुलं आणायला चाकणला गेले. जाताना म्हणाला, "बंदूक पुसून ठेव, आन् पेच तेवढं बघ." लाकडी दस्ता नळीला धरून ठेवणारे ते पेच तो दर वेळी स्वतः आवळून बघायचा. त्या दिवशी विश्वासानं माझ्यावर सोपवलं.

त्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, कामाची वस्तू दातेरी जबड्यात आवळून धरणारा भक्कम व्हाइस होता. मी बंदूक त्यात आवळली. म्हटलं, हात मध्ये नसेल तर पाचही छर्रे एकाच भोकातून जातील आणि संध्याकाळी कागद त्याच्यासमोर ठेवीन. छर्रे पांगले. मी आणखी आवळलं. ते आणखी पांगले. वीस-पंचवीस छर्रे मारले असतील. झटक्याला जायला जागाच नव्हती, तो सगळा लाकडात आणि पेचांत जात होता, हे मला दिसत होतं आणि तरी मी थांबलो नाही. शेवटी लाकडात बारीक चर्र असा आवाज झाला. काढून बघतो तर दस्त्यावर व्हाइसच्या दातांचे ठसे, आणि पुढचा पेच पिळला तरी नुसता फिरत होता. मी बंदूक पुसली, फडक्यात गुंडाळली आणि देवघरापाशी ठेवून दिली. रात्री सांगू म्हटलं. मग सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी अंगण भरलं होतं. बबननं हार काढून बंदूक उचलली. ठसे हळदकुंकवाखाली झाकले गेले होते. त्यानं मला विचारलं, "दत्ता, पेच बघितलेस ना?"

मी म्हणालो, "बघितले."

पहिलाच छर्रा कागदाच्या खूप उजवीकडे गेला आणि कागद लावलेल्या फळीच्या लोखंडी चौकटीवर आदळून उलटला. हौसावहिनी ओवाळणीचं ताट घेऊन बाजूला उभ्या होत्या. ताट पडल्याचा आवाज आधी आला, मग त्यांचा. डावा डोळा वाचला नाही.

दवाखान्यात, पोलिसांपुढे, भावकीत, बबन एकच वाक्य बोलला. "माझा हात हलला." लोक म्हणाले, वय झालं, कशाला हौस करायची. मी त्याच्या शेजारी उभा होतो. साधारण पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा बंदूक त्याच्या मांडीवर होती आणि त्याचा अंगठा त्या ठशांवरून फिरत होता. त्याला व्हाइसचे दात ओळखता येत नव्हते असं कोण म्हणेल? त्यानं माझ्याकडे बघितलं, बंदूक पालथी ठेवली आणि विचारलं, "चहा टाकायला सांगू?"

त्या चहापासून मला जी भीती लागली ती बारा वर्षं सुटली नाही. त्याचा फोन वाजला की मी गॅलरीत जाऊन मगच उचलायचो. तो कुणाशी हळू आवाजात बोलताना दिसला की वाटायचं, आज सांगितलं. पुढे गावाकडची जमीन एका कारखान्यासाठी गेली, तो मुलाकडे रावेतला फ्लॅटमध्ये आला, आणि मी त्याला भेटायला जात राहिलो ते प्रेमानं किती आणि पाळतीवर किती, हे मला सांगता येणार नाही. एकदा धीर करून मी सुरुवात केली होती. "बबन, त्या दसऱ्याला..." त्यानं मला पुढे जाऊ दिलं नाही. म्हणाला, "हौसाला एकावर राग धरायची सवय झाली हाय. आता आणि दुसरा कशाला?" आणि मी, लाज वाटते लिहायला, गप्प बसलो.

दहाव्याला घाटावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुमी शेजारी व्हता. त्यांचा हात खरंच हलला व्हता का?" कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते. मी म्हणालो, "वय झालं होतं, वहिनी." म्हणजे दुसऱ्यांदा तेच केलं, आणि या वेळी बबन नव्हता. त्यानंतर मला झोप आली नाही. पुन्हा विचारायला वहिनी तरी राहतील का, किंवा उत्तर द्यायला मी, याची आता मला जास्त भीती वाटायला लागली.

म्हणून हे लिहिलं. पण छापायला देण्याआधी रावेतला गेलो आणि वर लिहिलेलं सगळं वहिनींना वाचून दाखवलं. मुलगा उठून आत गेला. वहिनी म्हणाल्या, "डावीकडनं कोण आलं तर मला दिसत न्हाई. मी दचकायचे. म्हणून ते त्या बाजूनं यायचं झालं की आधी खाकरायचे. बारा वर्षं. मला वाटायचं, चूक झाली म्हणून भितोय माणूस." मग म्हणाल्या, "त्यांच्या हातचा पाण्याचा तांब्यासुदिक मी घेतला न्हाई, भाऊजी."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "उठा. हिकडं या, ह्या बाजूला खुर्ची घ्या. तुमचं तोंड दिसलं की माझ्यानं ऐकवत न्हाई. आन् पहिल्यापासनं वाचा."

मी खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या बाजूला नेली. त्या दचकू नयेत म्हणून, ठेवण्याआधी जरासा खाकरलो.

"ते खाकरणं त्यांचं हाय," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "तुमी नुसतं वाचा."